करंगळीने पाठवलेला निरोप

फोन खिडकीच्या गजाला टेकवून उभा ठेवला होता, कारण त्या घरात रेंज येते ती तेवढ्याच कोपऱ्यात. खाली जमिनीवर जुने पेपर पसरलेले, पेपरांवर चकल्यांच्या रांगा, आणि सोऱ्या धरून बसलेल्या ताईंचे हात मनगटापर्यंत पिठाने माखलेले. फोन वाजला. ताई उठल्या, करंगळी पदराला पुसली आणि तिनेच पडद्यावर टिचकी मारली. खोलीभर एका बाईंचा आवाज घुमला : “ताई, परवा सांगितलं होतं ना, त्यात अर्धा किलो करंज्या वाढवा. आणि चकली जरा कमी तिखट करा, सासूबाईंना चालत नाही.”

‘होईल’ एवढंच उत्तर द्यायचं होतं. ताईंनी माईकच्या खुणेवर करंगळी दाबून धरली आणि बोलायला लागल्या. बोट जरासं डावीकडे घसरलं, रेकॉर्डिंग पुसलं गेलं. दुसऱ्यांदा बोट लवकर सुटलं आणि अर्धवट शब्द तसाच निघून गेला. तिसऱ्या खेपेला त्यांनी बोटाचं पेर टेकवलं, श्वास रोखून बोलल्या, आणि निरोप पोचला.

“हे काही मला जमत नाही बघा,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा चकल्या पाडायला बसल्या.

पीठ चिमटीत धरलं की मोहन कमी पडलंय का, हे ज्यांना कळतं त्या ताई हे म्हणत होत्या. विरारच्या मनवेलपाड्यात मी घालवलेल्या दिवसांत हेच वाक्य दारोदार ऐकलं. आजोबांकडून, रिक्षावाल्यांकडून, अंगणवाडीत मुलाला सोडायला आलेल्या आयांकडून. ‘मला जमत नाही.’ ‘हे असं बनवलंयच चुकीचं’ असं एकाही तोंडून आलं नाही. हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळे.

संपादकांनी या अंकाचा विषय दिला होता : निरोप. आपल्या भाषेत हा शब्द सांगण्याचाही आहे आणि घेण्याचाही. मी सांगण्याचा निरोप निवडला आणि विरार पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने मनवेलपाड्यात गेले. इथे कोकणातून आलेली घरं आहेत, लालबाग-परळमधली खोली विकून सरकलेली आहेत, उत्तर भारतातली आहेत, गुजरातीही आहेत. कमावती माणसं पहाटे विरार लोकल धरतात आणि रात्री घरी येतात. मधल्या सगळ्या वेळात घर चालतं ते मेसेजवर. दूध आणलं का, गॅस आला का, मुलाला ताप किती, पाणी सोडलं का, सगळं त्या हाताएवढ्या काचेतून. म्हणून त्या काचेवरची खूण कुठे आहे, तिचा अर्थ कळतो का, बोट तिथे नीट बसतं का, या गोष्टी इथे फार मोलाच्या आहेत.

निळी टिक कोणाची?

ताईंच्या घरात चांगला फोन एकच. सकाळी तो त्यांच्याकडे असतो, दुपारी कॉलेजातून आलेल्या मुलाकडे, रात्री मुलीच्या अभ्यासाला. निरोपाच्या चार अवस्था या घरात सगळ्यांना पाठ आहेत : घड्याळ दिसलं म्हणजे मेसेज अजून फोनमध्येच अडकलाय, एक टिक म्हणजे निघाला, दोन टिक म्हणजे समोरच्याच्या फोनवर उतरला, निळ्या झाल्या म्हणजे वाचला.

शेवटच्या खुणेशी मात्र या घराचं जमत नाही. मुलगा दुपारी फोन हातात घेतो, बोट लागून कुठला तरी मेसेज उघडतो, बंद करतो. तिकडे गिऱ्हाइकाला टिका निळ्या दिसतात. बाई वाट बघतात. ताईंनी वाचलं, तरी उत्तर नाही, म्हणजे ऑर्डर नको असेल, असं समजून दुसरीकडे सांगतात. ताईंना यातलं काही ठाऊकच नसतं, कारण उघडलेला मेसेज पुन्हा ठळक दिसत नाही. मागच्या वर्षी अशा दोन ऑर्डरी गेल्या.

व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या नोव्हेंबर २०१४ मध्ये. त्यामागचा हिशोब सरळ होता : एक फोन म्हणजे एक माणूस. मनवेलपाड्यात, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत, एक फोन म्हणजे एक घर. निळी टिक सांगते की फोनने वाचलं. कोणी वाचलं ते ती सांगू शकत नाही. उघडलेला मेसेज ‘न वाचलेला’ म्हणून परत ठळक करता येतो. नावावर बोट दाबून धरलं की तो पर्याय मिळतो. पण दाबून धरल्यावर काही निघतं, हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नाही. ज्याला कोणी सांगितलं त्यालाच ते माहीत.

ताईंनी स्वतःचा मार्ग काढलाय. दाराजवळच्या खिळ्याला एक शंभरपानी वही आणि दोरीने बांधलेलं पेन. घरातल्या कोणीही ऑर्डरचा मेसेज उघडला तर त्याने तो वहीत उतरवायचा, हा नियम. मी ती वही चाळली. तीन हस्ताक्षरं आहेत तिच्यात.

वहीचं दुसरं कारण म्हणजे आवाजी निरोप. गिऱ्हाइकं लिहीत नाहीत, बोलतात. बोलणाऱ्या बाईंना वीस सेकंद लागतात. ऐकणाऱ्या ताईंना मात्र शंकरपाळे किती आणि अनारसे किती, हे लक्षात नसलं की पूर्ण निरोप पहिल्यापासून ऐकावा लागतो. लिहिलेल्या ओळीवरून नजर फिरवता येते, आवाजावरून फिरवता येत नाही. दीडपट, दुप्पट वेगाने ऐकायची सोय २०२१ मध्ये आली, पण सासूबाई, प्रवास, पाऊस असं सगळं बोलून झाल्यावर मधेच आलेला ‘अर्धा किलो’ दुप्पट वेगात आणखीच निसटतो. आवाजी निरोप पाठवणाऱ्याचे कष्ट वाचवतो आणि ते ऐकणाऱ्यावर टाकतो. फराळाच्या धंद्यात ऐकणारी बाई नेहमी नडलेली असते, त्यामुळे ती तक्रारही करत नाही.

‘काल’ आणि ‘कल’

वसई-विरारला पाणी येतं सूर्या, उसगाव आणि पेल्हार इथून. ते शहरात आल्यावर कोणत्या गल्लीत कधी सोडलं जाईल, हे कळण्याचा रस्ता म्हणजे इमारतीचा ग्रुप. मी गेले त्या चार मजली इमारतीचा ग्रुप मराठी, हिंदी, गुजराती अशा सगळ्यांचा. सगळ्यांना वाचता यावं म्हणून मेसेज पडतात इंग्रजी अक्षरांत.

एकदा सेक्रेटरींनी हिंदीत लिहिलं की उद्या पाणी येणार नाही. ‘उद्या’साठी त्यांचा शब्द ‘कल’. तो लिहिला के, ए, एल या तीन अक्षरांनी. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना नातवाने मेसेज वाचून दाखवला तो मराठी कानाने : ‘काल पाणी आलं नाही.’ ही तर सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. आजींनी पिंप भरलं नाही. दुसरा दिवस शेजारच्यांच्या दोन कळशांवर काढला. मला हे सांगताना आजी म्हणाल्या, “पोराचं चुकलं नाही हो, मीच नीट विचारलं नाही.” इथेही दोष स्वतःकडेच.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिताना काय हरवतं, ते रोजच्या शब्दांवर घासून बघावं. वेळ आणि वेल एकच होतात. बाळ आणि बळ एकच. मला, माळा, मळा, माला हे चारही शब्द एकाच स्पेलिंगात बसतात. शेजारणीला संदर्भावरून कळतं. पण चष्मा न सापडलेल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला हा संदर्भ जुळवत बसणं जड जातं. ज्यांना देवनागरी लगेच वाचता येते, त्यांच्याच भाषेतला निरोप त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

त्या इमारतीने एक गोष्ट मात्र फार चांगली केली. फुलांचे आणि सुप्रभातचे फोटो इतके यायचे की पाण्याचा मेसेज खाली बुडायचा. आता ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येतं. ही सोय २०१८ पासून आहे. गप्पांसाठी वेगळा ग्रुप काढलाय. ग्रुपमध्ये टिका निळ्या होतात त्या सगळ्यांनी वाचल्यावरच, आणि चाळीस घरांत कोणाचा तरी फोन बंद असतोच. म्हणून सेक्रेटरी आपल्याच मेसेजवर बोट दाबून धरतात, कोणी वाचलं त्यांची यादी काढतात आणि उरलेल्या घरांची बेल वाजवतात. ही सोय वापरणारा माणूस मला तिथे एकच भेटला.

अकराशे वीस खण

मराठी माणूस फोनवर देवनागरीत का लिहीत नाही, याचं उत्तर आळसात शोधणं अन्यायाचं आहे. मुळात एसएमएसची पेटीच आपल्या लिपीच्या मापाने बनलेली नाही.

१९८५ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांड या अभियंत्यांनी टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं लिहून त्यातली अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं १६० अक्षरांच्या आत बसली. तीच एसएमएसची मर्यादा ठरली. पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडमध्ये : नील पॅपवर्थ यांनी पाठवलेल्या नाताळच्या शुभेच्छा.

या पेटीत ११२० बारीक खण आहेत. इंग्रजी अक्षराला सात खण लागतात, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला सोळा लागतात, म्हणून मावतात ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘रात्री’ म्हणायला आपल्याला दोन अक्षरं, यंत्राला सहा. ‘आपणास व आपल्या कुटुंबीयांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ हे वाक्य मोजलं तर ५५ भरतात. खाली नाव लिहायला उरतात पंधरा. इंग्रजी मेसेजात एखादंच देवनागरी अक्षर घातलं तरी अख्खा मेसेज सत्तरच्या हिशोबात जातो, आणि त्याहून लांब असेल तर पैसे एकाहून जास्त मेसेजचे लागतात.

एसएमएसच्या जमान्यात दिवाळीच्या दिवशी मोबाइल कंपन्यांच्या सवलती बंद असत, पूर्ण दर लागे. लोक आदल्या रात्रीच शुभेच्छा पाठवून मोकळे होत. पैसे वाचवायचे तर इंग्रजी अक्षरं, हे गणित एका पिढीच्या अंगठ्यात मुरलं. बटणांच्या फोनवर एकेका अक्षरासाठी एकच बटण तीन-चारदा दाबावं लागे, आणि मराठी अक्षरांसाठी तर त्याहून जास्त वेळा. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं, अक्षरं मोजण्याची गरज संपली. सवय राहिली.

बाराखडीचं चक्र

मनवेलपाड्याहून लोकल आणि बसने पवईला जाता येतं. तिथल्या आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत, प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर वर्षानुवर्षं काम केलं. २०१३ मध्ये त्यांनी ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड लोकांसाठी मोफत खुला केला.

त्याची कल्पना मला फार आवडते, कारण ती आपल्या पाटीवरून उचललेली आहे. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली : क ख ग घ, मग च छ ज झ. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती एक चक्र उमलतं, आणि त्यात का, कि, की, कु, कू अशी बाराखडी दिसते. हवं त्या दिशेला बोट सरकवलं की अक्षर उमटतं. हलन्त निवडला की पुढची अक्षरं जोडलेल्या रूपात समोर येतात, म्हणजे जोडाक्षर आधी बघून मग निवडायचं. ज्याने मराठी शाळेत बाराखडी घोकलीय त्याला यात नवीन काही शिकायचं नाही. जे डोक्यात आधीपासून आहे तेच बोटाखाली आणून दिलंय. सोपं करणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आज बहुतेक फोनवर गूगलचा जीबोर्ड असतो. त्यातही मराठी आहे, इंग्रजी अक्षरांत लिहिलं की देवनागरी करून देणारी सोयही आहे. अडचण कीबोर्ड निवडण्यात येते. अनेकांच्या फोनवर मराठीऐवजी हिंदी लावलेलं असतं, कारण दुकानदाराने यादीतलं पहिलं ओळखीचं नाव निवडलं. मग ळ शोधत बसावं लागतं. ‘दुसऱ्या मजल्यावर’ लिहायचं तर तो ऱ्या सापडत नाही, आणि माणूस ‘दुसर्या’ लिहून गप्प बसतो किंवा वैतागून इंग्रजी अक्षरांकडे परत जातो.

फोनची भाषा कोण ठरवतं, हेही मला इथेच कळलं. व्हॉट्सॲपचे सगळे मेनू मराठीत करता येतात. मी विचारलेल्या एकाही घरात ते केलेले नव्हते. कारण आईला अडलं की मुलगा मदत करतो, आणि मुलाला ‘सेटिंग’ कुठे आहे ते इंग्रजीतच ओळखू येतं. फोन ज्याच्या हातात तो राहतो बाजूला, भाषा ठरते मदतनिसाच्या सोयीने.

उभ्याने, एका हाताने

विरार लोकलच्या गर्दीत मात्र इंग्रजी अक्षरांविषयीचं माझं मत थोडं मऊ झालं. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हाताचा अंगठा फोनवर. आवाजी निरोप तिथे निरुपयोगी. गोंगाटात ना बोलता येतं ना ऐकता. तिथे लागतात दोन-तीन शब्द : कोणता डबा, गाडी किती उशिरा, बसायला मिळालं का. सचिन टेके यांनी २०१० मध्ये केलेल्या एम-इंडिकेटर या प्रवासाच्या ॲपमध्ये प्रवाशांच्या गप्पांची सोय आहे. गाडी कुठे अडकली ते तिथे कळतं. अशा ठिकाणी माणूस ज्या लिपीत पटकन लिहील ती बरोबर.

लिहिलेल्या शब्दाचा आणखी एक गुण जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारने अनुभवला. रुळांवर पाणी, लोकल बंद, अनेक भागांत वीज गेलेली. १० जुलैला नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या वडोदरा एक्स्प्रेसच्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा वेळी क्षीण रेंजवर आवाज आणि व्हिडिओ घड्याळावरच थांबतात. ‘सुखरूप आहे’ हे दोन शब्द मात्र पोचतात.

दोन बाण

एक खूण अशी आहे की तिचा अर्थ न कळणं जीवावर बेतू शकतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार केलं. १६ एप्रिल २०२० रोजी विरार ज्यात येतं त्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचले इथे, दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक असेच मारले गेले. दोन्ही ठिकाणी आधी अफवा फिरल्या होत्या.

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूण लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. मेसेज पाच किंवा अधिक हातांतून आलेला असेल तर त्यावर दोन बाण दिसतात, आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे दोन बाणांचा अर्थ : हे लिहिणारा तुमच्या ओळखीचा नाही, जपून.

मी मनवेलपाड्यात हा अर्थ विचारत गेले. कोणी म्हणालं, महत्त्वाचा मेसेज. कोणी म्हणालं, लवकर पाठवा असं असेल. नेमका अर्थ सांगणारं कोणी भेटलं नाही. सावधानतेसाठी केलेली खूण भरवसा वाढवणारी ठरत असेल तर ती खूण अपुरी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे मराठीत चार शब्द हवेत.

एसएमएसचंही तसंच. आता तिथे माणसांचे निरोप येत नाहीत. बँक, वीज, सरकार यांचे येतात, आणि त्यांच्या वेषात चोरांचेही. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा मेसेज अनेक घरांनी पाहिलाय. महावितरणचा खरा मेसेज एमएसईडीसीएल या नावाने येतो, दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. २०२५ पासून अशा नावांच्या शेवटी एकेक इंग्रजी अक्षरही असतं : जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारला जी. उपयोगी सोय आहे. ज्या आजींनी ती वापरायची त्यांना ती कोणी सांगितलेली नाही.

दुसरा माईक

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा ताईंकडे गेले. चकल्या डब्यांत भरल्या होत्या, अनारशांचं पीठ मुरत होतं. मी त्यांचा फोन मागितला. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लावलं, हिंदी काढलं. मग त्यांना दाखवलं की पडद्यावर माईक दोन आहेत. लिहायच्या चौकटीशेजारचा आवाज पाठवतो. कीबोर्डवरचा बोललेलं लिहून देतो. मराठीत बोलून लिहायची ही सोय गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये आणली. दोन्ही माईकमध्ये एका बोटाचं अंतर आहे आणि ते दिसतातही सारखेच. इतकी वर्षं ताई पहिलाच वापरत होत्या. पहिल्या माईकवर बोट ठेवून वर सरकवलं की तो स्वतःच चालू राहतो, दाबून धरावं लागत नाही, हेही दाखवलं.

ताईंनी कीबोर्डवरचा माईक एकदा टिचकीने दाबला, हात बाजूला घेतला आणि बोलल्या. पडद्यावर उमटलं : ‘अर्धा किलो करंजी वाढवली आहे चकली कमी तिखट करते शनिवारी घेऊन जा’. विरामचिन्हं नव्हती. ताईंनी ओळीखाली बोट फिरवत ती मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा वाचली, आणि पाठवली. “हे गिऱ्हाइकांना पण शिकवायला पाहिजे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मला ऐकत बसायला नको.”

या सगळ्याला दहा मिनिटं लागली.

दिवाळीत तुम्ही फराळाचं ताट घेऊन कोणाकडे तरी जाल. तिथे एखादी मावशी, आजी, काका फोन पुढे करून म्हणतील की मला जमत नाही. त्यांचा फोन स्वतः चालवून परत देऊ नका. शेजारी बसा. मराठी कीबोर्ड लावून द्या, दुसरा माईक दाखवा, दोन बाणांचा अर्थ सांगा. आणि पहिला मेसेज त्यांच्याच बोटाने, त्यांच्याच भाषेत, तुम्हालाच पाठवायला सांगा.